‘सुंदर’ खोडून तिथे काय लिहायचं?

पत्र: मी रावेर तालुक्यातल्या एका गावात शाळेत शिकवते. घरची केळीची बाग आहे. जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकासाठी मी आमच्या गावावर लेख पाठवला होता. संपादकांनी तो परत पाठवलाय, सोबत जोडला आहे. ‘सुंदर’, ‘छान’, ‘अप्रतिम’ जिथे जिथे आले तिथे लाल रेघा आणि समासात ‘शब्द बदला’. मी ‘सुंदर’च्या जागी नयनरम्य, मनमोहक, विलोभनीय असे शब्द घातले. तरी लेख होता तसाच वाटतो. मला पर्यायी शब्दांची यादी द्याल का? दुसरं विचारायचं ते असं, की आम्ही घरात लेवा बोली बोलतो. ते शब्द लेखात आले तर लोक नावं ठेवतील का? माझ्या आजीच्या हातचं भरीत सगळ्या पंचक्रोशीत माहीत आहे, पण ‘अप्रतिम चव’ यापुढे मला लिहिताच येत नाही. ती भरीत घोटताना लाकडी बडगीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही, आणि शेवटची पंगत उठेपर्यंत स्वतः घास घेत नाही. पण हे काही लेखात लिहिण्यासारखं नाही.
— एक शिक्षिका, रावेर तालुका

ताई,

यादी मी देणार नाही. का, ते आधी सांगते.

‘सुंदर’ काढून ‘नयनरम्य’ घालून तुम्ही पाहिलंत. वाचणाऱ्याला तुमच्या लेखातला सातपुडा आधीही दिसला नव्हता आणि नंतरही दिसला नाही. नयनरम्य, मनमोहक, विलोभनीय, रमणीय हे सगळे शब्द एवढंच सांगतात की लिहिणारीला ते आवडलं. तिथे काय होतं, हे त्यातला एकही शब्द सांगत नाही. म्हणून ते सातपुड्याला लागतात, समुद्राला लागतात आणि लग्नाच्या हॉलच्या सजावटीलाही लागतात. मी तुम्हाला असे आणखी वीस शब्द दिले तर तुमचा लेख जड होईल, बाकी काही होणार नाही. संपादकांच्या रेघा योग्य जागी आहेत. पण ‘शब्द बदला’ एवढ्यानं तुमचं भागणार नव्हतं, कारण खोट शब्दात नाही. तुम्ही त्या वाक्यांपाशी पुरेसं थांबलाच नाहीत.

तुमचं वाक्य घेऊ. ‘पहाटे आमच्या शेतातून सातपुड्याचं सुंदर दृश्य दिसतं.’ कुठल्या महिन्यातल्या पहाटे? पौषातली पहाट असेल तर पायथा धुक्यात बुडालेला आणि वरची कड तेवढी निळसर, असं काहीतरी असेल. चैत्रात सागाची पानं झडून गेलेली असतात, डोंगर उघडा पडतो, धुरळ्यामुळे धूसर होतो आणि मधूनच एखादा पळस पेटलेला दिसतो. आषाढात ढग माथ्याला टेकतात, मग डोंगराची उंची कळत नाही. हे तीन वेगळे डोंगर झाले. ‘सुंदर’ लिहून तुम्ही तिन्ही एका ओळीत पुसून टाकलेत. पुढे तुम्ही ‘घनदाट जंगल’ लिहिलंय. यावल अभयारण्याच्या बाजूचं आपलं रान साग, अंजन, सालई, मोह यांचं, पानगळीचं रान आहे. श्रावणात ते दाट दिसतं, पण वैशाखात त्यातून आरपार दिसतं. ‘घनदाट’ हा शब्द तुम्ही पाहून लिहिलेला नाही, जंगल म्हटलं की तो आपोआप येतो म्हणून आला. अशा आपोआप आलेल्या शब्दांकडे ‘सुंदर’पेक्षाही जास्त संशयानं बघा. ‘सुंदर’ निदान काही खोटं सांगत नाही.

तसंच ‘झाडं’ लिहिलंत तिथे ‘अंजन’ लिहा. नुसतं नाव लिहिल्यानं जे होतं ते पुष्कळदा तीन विशेषणांनी होत नाही. टेकाड, सुळका, खिंड, घळ, पठार ही सगळी नावं आहेत आणि प्रत्येक नावात एक आकार आहे. तापीबद्दलही तेच. नदीचं पात्र, डोह, वळण, काठची दरड यांतलं तुम्ही नेमकं काय पाहत होतात?

आता उन्हाकडे येते, कारण तुमच्या लेखातलं सगळ्यात निसटलेलं वाक्य तिथे आहे: ‘आमच्याकडे उन्हाळ्यात प्रचंड ऊन आणि उकाडा असतो.’ जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. असल्या मुलखात राहणाऱ्या माणसाकडे उन्हासाठी ‘प्रचंड’ हा एकच शब्द कसा असेल? मराठीत उन्हाचा केवढा पसारा आहे, बघा. कोवळं ऊन सकाळचं. मग ते चढतं, तापतं, दुपारी रणरणतं आणि संध्याकाळी कलतं. चटका बसतो तो कातडीला, तापलेल्या पत्र्याला हात लागला की. झळ लागते ती वाऱ्याबरोबर, दार उघडल्यावर तोंडावर येते ती. काहिली अख्ख्या अंगाची होते. तलखी जिवाची होते, तिच्यात तहान आहे. रखरख उजाड माळाची. आणि उकाडा? वारा पडलेला, हवा दमट, घाम वाळायला तयार नाही, तो उकाडा. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे घाम सुटतो आणि सुटता सुटता वाळून जातो, सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग तेवढे राहतात. त्या दुपारीला उकाडा म्हणणं चूक आहे. उकाडा आपल्याकडे येतो तो मृग लागायच्या सुमाराला, ढग दाटून येतात आणि पाऊस काही पडत नाही तेव्हा. मुंबईच्या माणसानं वैशाखाला उकाडा म्हटलं तर ते त्याच्या वैशाखाला शोभतं. रावेरच्या बाईनं म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल, ही त्या दुपारी घराबाहेर पडलीच नव्हती.

नेमका शब्द म्हणजे अवघड शब्द नव्हे. झळ, चटका, तलखी यांतला एकही शब्द तुम्हाला मी शिकवला नाही. सगळे तुमच्या तोंडात आहेत. लिहायला बसल्यावर मात्र ते तुम्ही घरात ठेवून येता आणि ‘साहित्यिक’ वाटणारे उचलता.

रंगांचंही असंच आहे. इथे मराठी इतकी श्रीमंत आहे की ‘खूप काळा’, ‘अतिशय पांढरा’ असं कुणी लिहिलं की मला खरंच वाईट वाटतं. केस काळेभोर, अंधार काळाकुट्ट, डोह काळाशार, खडक काळाकभिन्न. यांची अदलाबदल करून बघा, काळेकुट्ट केस म्हणा, लगेच खटकेल. धुतलेलं धोतर पांढरंशुभ्र असतं. भीतीनं रक्त उतरलेला चेहरा पांढराफटक असतो. विटलेलं कापड पांढुरकं होतं. बोंडातून नुकता फुटलेला कापूस पांढराशुभ्र, आणि तोच अवकाळी पावसात भिजला की पिवळट पडतो. या ‘पिवळट’मधल्या शेवटच्या ‘ट’मध्ये शेतकऱ्याचं नुकसान आहे. तेच पिवळ्याधमक शेवंतीबद्दल बोलताना आनंद आहे. तांबूस, निळसर, हिरवट, धुरकट, आंबूस, गोडसर अशी शब्दांची शेपटं बदलून किती रंग आणि किती चवी वेगळ्या करता येतात, हे वर्गातल्या मुलांना एक तास देऊन शिकवा. शिक्षिका आहात म्हणून मुद्दाम सांगते. निबंधात ‘निसर्गरम्य’ लिहिलं की चांगले गुण मिळतात, ही समजूत मुलांना आपणच लावतो.

तुमच्या घरात केळीचा धंदा आहे. बागेत माल बघायला आलेला व्यापारी ‘छान घड आहे’ म्हणून भाव ठरवत नाही. तो विचारतो, मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली) की कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली), फण्या किती, वजन किती. फळाच्या कडा गोल झाल्यात की अजून उठून दिसतात, हे हातानं बघतो. तुमचे वडील ‘बागेला घड यायला लागले’ म्हणत नाहीत, बाग निसवली म्हणतात. पावसानंतर जमीन ‘चांगली झाली’ म्हणत नाहीत, वाफसा आला म्हणतात, म्हणजे माती ना चिखलाची ना ढेकळाची, पेरणीची पाभर घालायला योग्य. कापसात डागी, किडका निघाला तो कवडी. ज्या कामात चुकीच्या शब्दानं पैसे जातात तिथे आपली माणसं किती नेमकं बोलतात! ते बोलणं नुसतं ऐका असं मी म्हणत नाही, ते तुम्ही रोज ऐकताच. ते लेखात आणा. ‘आमची केळीची बाग फार सुंदर आहे’ या वाक्याच्या जागी बाग निसवतानाचं एक वाक्य आलं, कमळ, म्हणजे केळफूल, कसं बाहेर पडतं, त्याची पाती कशी एकेक उलटत जाते आणि खाली फणी कशी दिसते, तर रावेर न पाहिलेला कोल्हापूरचा वाचकसुद्धा बागेत येऊन उभा राहील.

आणि आता भरीत.

तुम्ही म्हणता, ‘अप्रतिम चव’ यापुढे लिहिताच येत नाही. पण पत्राच्या शेवटी तुम्ही जे सहज लिहून गेलात ते तुमच्या अख्ख्या लेखापेक्षा चांगलं आहे. ‘बडगीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही, आणि शेवटची पंगत उठेपर्यंत स्वतः घास घेत नाही.’ या वाक्यात आजीसाठी एकही विशेषण नाही. लेखात मात्र ती ‘प्रेमळ, कष्टाळू व स्वाभिमानी’ आहे. लेखातली आजी कुणाचीही असू शकते. पत्रातली आजी तुमची आहे, आणि ती प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी आहे हे मला न सांगता कळलं. हे ‘लेखात लिहिण्यासारखं नाही’ असं तुम्हाला का वाटलं? मला तर वाटतं की लेखात लिहिण्यासारखं तेवढंच होतं.

चवीसाठी मात्र थोडं बसावं लागेल. ‘अप्रतिम’च्या आत काय काय आहे ते सुटं करा. आपलं भरताचं वांगं फिकट हिरवं, पांढऱ्या रेषांचं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. यावल तालुक्यातल्या बामणोदच्या वांग्यांचं नाव तर सगळीकडे निघतं. त्यात बी कमी, गर जास्त. ते कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलं तर वास वेगळा येतो आणि गॅसवर भाजलं तर वेगळा. वासाला ‘छान वास’ म्हणून सोडू नका. भाजका वास, जळका वास आणि करपट वास हे तीन वेगळे आहेत. पहिल्यानं तोंडाला पाणी सुटतं आणि तिसऱ्यानं धावत चुलीकडे जावं लागतं. मग बडगीत ते घोटलं जातं. घोटून त्याचा लगदा होतो, की मऊ तरी दाताला लागेल असा गर राहतो? मिरची कशी, झणझणीत की नुसती तिखट? झणझणीत नाकातून निघतं, जहाल तिखट कानापर्यंत जातं. लसणाचा उग्रपणा शिजल्यावर किती उरतो? शेंगदाणा मधेच दाताखाली येतो तो कुरकुरीत की मऊ पडलेला? कांद्याच्या पातीचा हिरवट, ओला वास कधी येतो, आधी की शेवटी? ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी खाताना आणि पुरीशी खाताना काय फरक पडतो? एवढ्या प्रश्नांतल्या दोनांची उत्तरं लेखात आली तरी पुष्कळ झालं. सगळी घातलीत तर ती पाककृती होईल. कुठली दोन घ्यायची हे मात्र जेवूनच ठरवा, टेबलावर बसून नाही. येत्या आठवड्यात आजीला भरीत करायला सांगा, शेजारी वही घेऊन बसा आणि पहिल्या घासानंतर लगेच लिहा. चव फार लवकर ‘अप्रतिम’ होऊन जाते.

दुसरा प्रश्न बोलीचा. लोक नावं ठेवतील का? एखादा ठेवेल. पण हा प्रश्न जळगाव जिल्ह्यातल्या बाईनं विचारावा याचं मला आश्चर्य वाटतं. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर आणि शेतात घरच्या बोलीत म्हटलेली त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली. त्या गेल्यावर त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव, यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली ती छापून आली तेव्हा साऱ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. कुणी त्यांची भाषा ‘शुद्ध’ करून घेतली नाही. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. त्यांच्या शब्दांना कुणी हसलं नाही, कारण त्या शब्दांशिवाय ती गोष्ट सांगताच येत नव्हती. तुम्हीही हीच कसोटी लावा. ‘बडगी’साठी प्रमाण मराठीत दुसरा शब्द शोधायला गेलात तर ‘लाकडी भांडं’ असं काहीतरी मिळेल आणि ते चुकीचं ठरेल. तिथे ‘बडगी’च लिहा आणि वाक्य असं रचा की ती लाकडाची आहे आणि तिच्यात भरीत घोटतात हे वाचता वाचता कळेल. ‘वावर’ तर सगळ्यांना कळतो, बिनधास्त लिहा. आजीचं बोलणं असेल तर ते तिच्याच बोलीत येऊ द्या. तिच्या तोंडी पुण्याची मराठी घातलीत तर आजी गेलीच. मात्र नुसता रंग भरायला म्हणून, ‘बघा आम्ही खान्देशी’ हे दाखवायला म्हणून, साध्या वाक्यात बोलीचे शब्द पेरू नका. तसे पेरलेले शब्दही ‘नयनरम्य’च्याच पंगतीला बसतात.

माणसांच्या स्वभावाबद्दल थोडक्यात. ‘चांगला माणूस’, ‘साधा माणूस’ असं तुम्ही सरपंचांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना म्हटलंय. लाजाळू, बुजरा, भिडस्त आणि घुमा हे चौघेही कमी बोलतात, पण चौघांची कारणं वेगळी आहेत. भिडस्ताला नाही म्हणता येत नाही. घुम्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. दूधवाला यांतला कोण, हे ठरवल्याशिवाय त्याच्यावर वाक्य लिहू नका.

कोश वापरावा का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला आणि आज तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. त्यात पर्याय शोधायला जाऊ नका, खात्री करून घ्यायला जा. शब्द आधी आपल्याला आठवलेला असावा, आणि तो आपल्याला वाटतो त्याच अर्थाचा आहे का, हे तिथे तपासावं. जुने वाक्प्रचारही तिथे भेटतात आणि वाचता वाचता तास निघून जातो, हे आधीच सांगून ठेवते.

लेखातले सगळे ‘सुंदर’ काढायची गरज नाही. एक राहू द्या. तुमच्या लेखात आजी एका ठिकाणी नातसुनेनं काढलेली रांगोळी बघून ‘सुंदर काढली वं माय’ म्हणते, तो ठेवा. आयुष्यात कुणाचं फारसं कौतुक न केलेल्या बाईच्या तोंडून आलेला तो शब्द आहे. तो सोडून बाकीचे गेले की त्याला त्याचं वजन मिळेल. ‘खूप’, ‘अत्यंत’, ‘फारच’ हे मात्र सरसकट खोडा आणि वाक्य पुन्हा वाचा. दहातल्या आठ जागी काही कमी झालंय असं वाटणार नाही. उरलेल्या दोन जागी थांबा, तिथे तुम्हाला खरंच काहीतरी सांगायचं होतं.

कामाला सुरुवात कानबाईच्या, आपल्या खान्देशातल्या देवीच्या, परिच्छेदापासून करा, कारण तो सगळ्यात रिकामा राहिलाय. तुम्ही लिहिलंय, ‘कानबाईचा उत्सव खूप छान असतो, सारं वातावरण भक्तिमय होतं.’ वातावरण कसं होतं ते बाजूला ठेवा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिला निरोप देतात, म्हणजे तुमच्याकडे एक रात्र आणि दोन दिवस आहेत. आदल्या दिवशी घरात कशाचा आवाज चालू होता? नैवेद्याच्या रोटाचं दळण कुणी केलं? बाहेरगावी राहणारे भाऊबंद कोण कोण आले आणि कोण आले नाहीत? रात्री गाणी म्हणायला कुणी सुरुवात केली, कुणाचा आवाज बसला? विसर्जनाला निघताना तुमची आजी नदीपर्यंत चालत गेली की अर्ध्या वाटेवर थांबली? फुगडी कुणी कुणाबरोबर घातली? ही उत्तरं कुठलंही विशेषण न वापरता आधी वहीत उतरवा. त्यातली निम्मी तरी जशीच्या तशी लेखात घालता येतील. राहिलेल्या जागांसाठी मग शब्द शोधायला बसा.